रडायला भरवसा लागतो

आमच्या गावच्या चर्चमध्ये व्यासपीठाच्या डाव्या अंगाला एक जुनं चित्र टांगलेलं आहे. प्रभू येशू दगडावर बसला आहे आणि भोवती लेकरं. एक मांडीवर, एकाच्या डोक्यावर त्याचा हात, एक मुलगी फुलं घेऊन उभी. मिशनच्या काळात कुठूनतरी आलं असणार, कारण एवढी गोरी आणि भुऱ्या केसांची पोट्टी वाशीम जिल्ह्यात कोणी पाहिलेली नाहीत. खाली मार्कच्या शुभवर्तमानातलं वचन: ‘बाळकांना माझ्याजवळ येऊ द्या, त्यांना मनाई करू नका.’ आठवडाभर जिल्हा परिषदेची शाळा आणि रविवारी सकाळी चर्चमधली पोरांची शब्बाथ शाळा, असं माझं सगळं आयुष्य पोरांमध्येच गेलं. शब्बाथ शाळेत गोंगाट वाढला की आमच्यातले जुने शिक्षक त्या चित्राकडे बोट दाखवत. पहा, कशी शहाण्यासारखी बसली आहेत!

बसली आहेत खरी. त्या चित्रातलं एकही लेकरू रडत नाही. कोणाच्या नाकाला शेंबूड नाही, कोणी येशूचा झगा ओढत नाही. लूक हाच प्रसंग सांगतो तेव्हा लोक तान्ही बाळंसुद्धा घेऊन आले होते असं लिहितो. ऊन, गर्दी, धूळ आणि आयांच्या कडेवर तान्ही पोरं. येशूच्या शिष्यांनी त्या लोकांना दटावलं, पण का, याचं कारण काही दिलेलं नाही. माझा आपला अंदाज, कल्ला असह्य झाला असावा.

हे असलं सगळं डोक्यात यायला लागलं ते नात झाल्यापासून.

लेक पहिल्या बाळंतपणाला माहेरी आली तेव्हा सोयाबीन निघालं होतं आणि कापसाची पहिली वेचणी सुरू होती. रात्री कळा सुरू झाल्या, १०२ ला फोन केला, गाडी आली आणि उजाडायच्या आत पोट्टी जगात. बाळंतपणाबद्दल मला एवढंच सांगता येईल. आजोबा माणसाला दवाखान्याच्या व्हरांड्यात पिशव्या सांभाळण्यापलीकडे काम नसतं. सिस्टरने कपड्यात गुंडाळलेली पोर आधी तिच्या आजीकडे दिली आणि आजीने माझ्याकडे, तीही ‘मान सांभाळा, मान’ असं पुन्हापुन्हा बजावून.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकत आला आहे. डॉक्टरांनी ऑपरेशन सांगितलं आहे, वेचणी संपली की करू म्हणून मी ढकलतो आहे. त्यामुळे तिला नीट पाहायचं तर अगदी तोंडाजवळ आणावं लागलं. नवजात बाळालाही वीस-तीस सेंटिमीटरच्या पलीकडचं धूसरच दिसतं, अंगावर पिताना आईचा चेहरा असतो साधारण तेवढंच अंतर. म्हणजे आमचं दोघांचं बरं जमलं. बायबलातल्या उत्पत्तीच्या पुस्तकातला म्हातारा याकोब असाच आहे. वयाने दृष्टी गेलेली, मिसर देशात त्याच्या मुलाची, योसेफाची, दोन्ही पोरं त्याच्याजवळ आणतात, तो त्यांचे मुके घेतो आणि योसेफाला म्हणतो की तुझं तोंड पुन्हा दिसेल असं वाटलं नव्हतं, आणि देवाने तर मला तुझी लेकरंही दाखवली. हे मी शाळकरी वयापासून वाचत आलो. आता तिथे आलो की पुढे वाचवत नाही.

घरी आल्यावर पाचवीचा विषय निघाला. आमच्या भागात बाळ जन्मल्यावर पाचव्या रात्री सटवाईची पूजा असते. सटवाई येऊन लेकराच्या कपाळावर त्याचं नशीब लिहून जाते, म्हणून कोरा कागद आणि लेखणी ठेवायची. आमच्या घरात पणजीपासून पाचवी नाही, त्या रात्री स्तोत्र वाचून प्रार्थना होते. शेजारच्या आजीला हे चांगलं ठाऊक आहे, माझ्या लेकरांच्या वेळीही ठाऊक होतं. तरी तिने आपल्या घरी, आपल्या देवापुढे, आमच्या नातीसाठी कागद-पेन ठेवलं आणि सकाळी येऊन तसं सांगितलंही. आमच्या चर्चच्या मंडळीतल्या काहींना असलं ऐकून धडकी भरते. मला ते मायेचंच काम वाटतं. मी गमतीने विचारलं, ‘आजी, समदं लिहूनच ठेवलं असन तं मंग लेकराच्या रडन्याले काय अर्थ हाये?’ ती डिंकाचा लाडू फोडत म्हणाली, ‘लिवलं असन थे असन बापा. लेकरू रडलं का उचला लागते.’

हे वाक्य मनातून जाईना.

रडणं जवळून पाहायला मला आता भरपूर सवड आहे. सकाळी पोरीची आजी पाय पसरून बसते, पायांवर पोर उपडी, तेल चोळून झालं की कोमट पाणी. पाठीवर पहिला तांब्या पडला की सुरुवात. आधी खालचा ओठ बाहेर येतो, हनुवटी थरथरते. मग तोंड पूर्ण उघडतं आणि आवाज येतच नाही. श्वास आत अडकलेला, चेहरा लाल, लालचा जांभळट, दोन्ही मुठी कानाशी. घरातले सगळे तेवढ्यात उठून उभे राहतात. आणि मग भोकाड. त्यात विनंती नसते, ‘सवड असेल तर’ नसतं, मघाच्या दुधाबद्दल आभारही नसतात. मध्यरात्र आहे, आई थकली आहे, आज्याला पहाटे वेचणीच्या बाया आणायला जायचं आहे, याच्याशी तिला कर्तव्य नाही. अलीकडे मात्र एक नवीन दिसतं. दूध तोंडात पडायच्या आधीच, नुसत्या आईच्या बांगड्या दाराशी वाजल्या की सूर खाली येतो. हुंदके चालूच असतात, पण कोणीतरी निघालं आहे हे तिला कळलेलं असतं.

डी.एड.ला बालमानसशास्त्राच्या पेपरात एरिक एरिक्सन होता. त्याने माणसाच्या आयुष्याचे आठ टप्पे सांगितले. पहिला, जन्मापासून साधारण वर्ष-दीड वर्षापर्यंतचा: विश्वास की अविश्वास. आम्ही घोकून लिहायचो आणि गुण घ्यायचो. त्याच्या म्हणण्यात खरं वजनदार काय आहे ते नातीला खांद्यावर घेऊन येरझाऱ्या घालताना लक्षात येतं. हाकेला ओ मिळत गेली की विश्वास तयार होतो. म्हणजे मेहनत सगळी उचलणाऱ्याची, पोराने फक्त हाक मारायची. आमच्या मंडळीत मात्र ‘बालकासारखा विश्वास’ म्हटलं की सगळा भार पोरावर. शंका काढू नका, प्रश्न विचारू नका, मिळेल त्यात समाधान माना. असं लेकरू मी तरी पाहिलेलं नाही. असे विद्यार्थी पाहिले आहेत, आणि शिक्षक म्हणून ते सोयीचे असतात एवढं सांगू शकतो.

पणजीचं सांगितल्याशिवाय पुढे जाता येणार नाही. ती दुष्काळातलं पोर. १८९९-१९०० चा तो दुष्काळ वऱ्हाड पुढे दोन पिढ्या विसरलं नाही. पाऊस गेला, ज्वारी गेली, कडबा गेला, ढोरं गेली आणि मग माणसांची पाळी आली. १८९१ च्या शिरगणतीत वऱ्हाडची वस्ती २८ लाख ९७ हजार होती. १९०१ ला ती २७ लाख ५४ हजारांवर आली. दहा वर्षांत वाढायची ती माणसं घटली. त्याआधीच्या, १८९६-९७ च्या दुष्काळात पंडिता रमाबाई मध्य प्रांतात येऊन निराधार मुली आणि विधवा यांना आपल्याकडे घेऊन गेल्या होत्या. पुढच्या दुष्काळात वऱ्हाडातल्या मिशनांनीही अनाथ पोरांना आसरा दिला. पणजी अशाच एका आश्रमात पोचली. वय कोणालाच माहीत नव्हतं, दुधाचे दात पडायला लागले होते एवढाच पुरावा. आई-बाप, भाऊ, गावाचं नाव, सगळं पुसलं गेलेलं.

मी लहान असताना ती अंगणात बाजेवर बसलेली असायची आणि तिच्या लुगड्याच्या पदराला भाकरीचा तुकडा बांधलेला असायचा. घरात कणग्या भरलेल्या असोत की नसोत, तुकडा असायचाच. वाळून खडखडीत झाला की कोंबड्यांना टाकायची आणि नवा बांधायची. पदराची ती गाठ सोडायला आम्हा पोरांना परवानगी नव्हती.

तिने सांगितलेली एक गोष्ट आमच्या घरात सगळ्यांना माहीत आहे. ती आश्रमात आली तेव्हा तिथे पोरंच पोरं होती, आणि आवाज नव्हता. भुकेची, खरजेची, तापाची पोरं रात्रभर डोळे उघडे ठेवून पडलेली, आणि रडत कोणीच नव्हतं. ‘कायले रडन? आयकनारं कोन होतं?’ असं ती म्हणायची. वाटेत जे रडायचं ते रडून झालं होतं आणि कोणी आलं नव्हतं. मग किती महिन्यांनी कोण जाणे, पोटात नेमाने अन्न जायला लागल्यावर, ती विहिरीपाशी पडली, गुडघा फुटला आणि तिच्या तोंडून भोकाड निघालं. चुलीपाशी भाकरी थापणारी बाई, तीही दुष्काळातच विधवा झालेली, पिठाच्या हातांनी धावत आली आणि तिने हिला उचललं. पाठीला पीठ लागलं होतं हे पणजीला सत्तरी उलटल्यावरही आठवत होतं. बाप्तिस्मा पुढे रीतसर झाला, नाव बदललं, पाळकांनी वहीत नोंद केली. पण चर्चमध्ये आपल्या विश्वासाची साक्ष द्यायला उभी राहिली की ती बाप्तिस्म्याचं काही सांगत नसे. ‘त्या दिशी मी रडली,’ एवढं म्हणायची आणि खाली बसायची. नवीन आलेल्या पाळकांना वाटायचं, म्हातारी पुढचं विसरली.

मिशनऱ्यांनी दुष्काळाचा फायदा घेऊन धर्म वाढवला असं गावात मलाही अधूनमधून ऐकवलं जातं. तो इतिहास सरळ नाही आणि मी त्याची वकिली करायला बसलेलो नाही. भुकेल्या पोराला दोन्ही वेळा भाकर कोणी दिली हेही मात्र त्याच इतिहासात आहे.

बायबलात प्रेषित पौल तरुण तीमथ्याला पत्रात लिहितो की तुझ्यातला निष्कपट विश्वास आधी तुझी आजी लोईस आणि तुझी आई युनीके यांच्यात होता. आजीचं नाव पत्रात आलं, तिने नातवाला काय शिकवलं ते आलं नाही. फार काही शिकवलं नसेल. रडला की उचललं असेल.

बाविसावं स्तोत्र मी या दिवसांत बरेचदा काढून बसतो. ‘माझ्या देवा, माझ्या देवा, तू माझा त्याग का केलास?’ ही ओळ येशूने वधस्तंभावर उच्चारली, म्हणून गुड फ्रायडेला दरवर्षी ऐकतो आणि माना खाली घालतो. पुढे स्तोत्रकर्ता म्हणतो की दिवसा हाक मारतो तर तू उत्तर देत नाहीस, रात्री मारतो तर चैन पडत नाही. आणि थोडं खाली, त्याच रडगाण्यात, तो म्हणतो की मी आईच्या अंगावर पीत होतो तेव्हाच तू माझ्या ठायी भरवसा निर्माण केलास. प्रवचनांत या स्तोत्राचे दोन तुकडे करतात, निराशेचा वेगळा आणि विश्वासाचा वेगळा. मला ते आता पटत नाही. अंगावर पिणारं पोरच असं ओरडतं. भरवसा सुटलेलं पोर पणजीच्या आश्रमातल्या पोरांसारखं डोळे उघडे ठेवून गप्प पडून राहतं. वधस्तंभावर त्या क्षणी येशूचा विश्वास डळमळला असं सांगणारे प्रवचनकार आहेत. ज्याचा विश्वास गेला तो ‘माझ्या देवा’ असं कशाला म्हणेल?

येशूला धरलं त्या रात्री, गेथशेमाने बागेतही तेच आहे. ‘माझ्या इच्छेप्रमाणे नको, तुझ्या इच्छेप्रमाणे होवो’ हे आम्हाला तोंडपाठ. त्याच्या आधी तो जमिनीवर पडून म्हणतो की हा प्याला माझ्यापासून दूर कर, आणि एकदा म्हणून उठत नाही, फिरून फिरून तेच मागतो. आम्ही मागण्याचा भाग गाळतो आणि थेट शरण जातो. मागितलंच नाही तर नाकारल्याचं दुःख नाही! असली ‘देवाची इच्छा’ आणि सटवाईचा कागद यांत मला फारसा फरक दिसत नाही. उलट शेजारची आजी बरी, ती निदान उचलायला सांगते.

२०१७ साली गुलाबी बोंडअळीने कापूस खाल्ला. बोंड बाहेरून धडधाकट, फोडून पाहावं तर आत अळी आणि कापसाची कवडी झालेली. शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यात त्याच हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी आणि मजूर दगावले. त्या दिवसांत आमच्या घरसभांमधल्या प्रार्थना फार सभ्य झाल्या होत्या. ‘प्रभू, जे देशील ते सोसायला बळ दे.’ सगळे आमेन. अशाच एका सभेत मंडळीतली एक बाई प्रार्थनेला लागली. नवरा नाही, तुकडाभर कोरडवाहू वावर. डोळे मिटलेले नव्हते. ‘देवा, तुले दिसत नाही काय? दिसते तं मंग कायले बसून रायला? सावकार तुह्या दारी नाही येत, माह्या दारी येते.’ कोणीतरी खाकरलं. सभा चालवणाऱ्याने घाईने गीत सुरू केलं. पुढे तिच्या विश्वासाबद्दल कुजबूज झाली, एकदोघं समजवायलाही गेले. ती अजून दर रविवारी येते, पावसाळ्यात चपला हातात घेऊन चिखल तुडवत येते, आणि अजून देवाशी तशीच भांडते. सभ्य प्रार्थना करणाऱ्यांतले काही त्याच साली यायचे बंद झाले. ते भांडले नव्हते. काही बोललेही नव्हते.

दीड महिन्याची झाल्यावर नातीला लशीसाठी अंगणवाडीत नेलं. आशाताई आदल्या दिवशी निरोप देऊन गेल्या होत्या. लेकीने मांडीवर घेऊन पाय धरले, सिस्टरने मांडीत सुई टोचली, पोट्टी कळवळली आणि जिने पाय धरले होते तिच्याच गळ्यात तोंड खुपसून रडली. पाळकसाहेबांना हे सांगितलं तर त्यांचे डोळे चमकले. ‘गुरुजी, काय दृष्टांत आहे! दुखवणाराही तोच, कवटाळणाराही तोच.’ पाळकसाहेब भला माणूस आहे, पण हा दृष्टांत मला नको. सुई कशासाठी आहे ते सिस्टर मला सांगते, धनुर्वात, घटसर्प, डांग्या खोकला, आणि पुढची तारीख कार्डावर लिहून देते. बोंडअळी कशासाठी होती ते मला कोणी सांगितलेलं नाही. त्या बाईला ‘ही देवाची सुई’ असं म्हणायची माझी छाती नाही, आणि ज्यांची आहे त्यांच्याबद्दल मला फार आदर नाही. अंगणवाडीत मी पाहिलं ते एवढंच: टोचल्यावर पोर गप्प राहिली नाही, आणि रडायला दुसऱ्या कोणाकडे गेली नाही.

एकशे एकतिसाव्या स्तोत्रात दूध तुटलेलं लेकरू आहे, आईजवळ शांत बसलेलं. वडीलधाऱ्यांना हे स्तोत्र फार प्रिय, मलाही आहे. पण आमच्या गावात लेकरू दोन-दोन वर्षं अंगावर पितं, आणि तुटताना घर डोक्यावर घेतं. आया कडुनिंबाचा पाला लावतात, पोरं तेही थुंकून पुन्हा मागतात. ती शांतता एवढ्या सगळ्यानंतरची आहे. मंडळीत कोणी नवीन आलं की आम्ही त्याला पहिल्याच रविवारी तिथे नेऊन बसवू पाहतो.

नातीचा अर्पणविधी, म्हणजे चर्चमध्ये लेकरू देवाला अर्पण करण्याची प्रार्थना, संक्रांतीनंतरच्या रविवारी ठरला आहे. व्याह्यांकडची माणसं येणार, जावईबापूंनी मंडप सांगितला आहे. वाचन कोणतं घ्यायचं यावर पाळकसाहेबांशी माझं अजून चालू आहे. त्यांना मार्कचा दहावा अध्याय हवा, चित्राखाली तेच वचन आहे म्हणून शोभतंही. लेकराच्या अर्पणाला ‘तू माझा त्याग का केलास’ कसं वाचायचं, पाहुणे काय म्हणतील, असं त्यांचं म्हणणं. मग त्यांनी मधला मार्ग काढला: बाविसाव्या स्तोत्रातली फक्त आईच्या अंगावरची दोन वचनं वाचा आणि थांबा. मी म्हटलं, वाचायचं तर पहिल्या वचनापासून. बायको चहा घेऊन आली होती, तिने दोघांचं ऐकून घेतलं. ‘काईबी वाचा,’ म्हणाली, ‘पन बारा वाजले का तिले भूक लागते. मंग तुमचं कोनाले आयकू येनार हाये? त्याच्या अंधी उरकवा, रोडगे थंडे होतात.’

पाळकसाहेबांनी उपासनेची वेळ साडेनऊ केली आहे. वाचनाचं अजून ठरलेलं नाही.